अण्णांसाठी मागचे दोन शॉकअप

आमच्या अण्णांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीच घाटात. असा माणूस शेवटी मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा होऊन हॉस्पिटलला जायचा, आणि गाडी चालवायचो मी. मला त्यांनी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. गाडी चालवायला मी शिकलो ते हवाई दलात, आणि अण्णांच्या मते ते शिकणं जमेतच नव्हतं.

माझी चंदीगडला बदली झाली तेव्हा अतिरेक्यांच्या गोळीबारानं पंजाब पेटलेला होता. सकाळी पेपर उघडायचा तो आदल्या दिवशी किती मेले ते बघायला. शहरात जागोजागी नाके, वाळूनं भरलेली पिंपं, बंदुका घेतलेले जवान, डिकी उघडा, सीट उचला. बायको भाजी आणायला गेली आणि अर्धा तास उशीर झाला तर मी फाटकाशी जाऊन उभा राहायचो. त्यातच साताऱ्याहून कळलं की अण्णांची पाठदुखी साधी नाही, मणक्यात कॅन्सर उतरलाय. चंदीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायची सोय चांगली होती, म्हणून मी त्यांना घेऊन आलो.

इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. बरे होणार नाहीत. शेकानं दुखणं थोडं कमी होईल, आणि मुख्य म्हणजे त्यांना झोप मिळाली पाहिजे. झोप मिळाली तर अंगात त्राण राहील, नाहीतर शेकच सहन होणार नाही. अण्णांना दोन महिने धड झोप नव्हती. आडवं झालं की पाठीत कळ यायची. पाठीशी उशा लावून भिंतीला टेकून बसायचे आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. डोळा लागला तर दहा मिनिटं. मी मध्येच पाणी प्यायला उठायचो तर म्हणायचे, ‘‘झोप की रं तू. दोगांनी जागून काय हुनार हाय?’’

तर झोप. एवढी एक गोष्ट त्यांना द्यायची होती, आणि ती माझ्या हातात नव्हती. माझ्या हातात होतं ते त्यांना रोज दहा किलोमीटर नेणं आणि आणणं. पहिल्या दिवशी आमच्या हवाई दलाच्या स्टेशनची ॲम्ब्युलन्स मागवली. ॲम्ब्युलन्स कसली, ट्रकच तो, लाल क्रॉस रंगवलेला. उतरवलं तेव्हा अण्णांचे ओठ पांढरे पडले होते. दुसऱ्या दिवसापासून आमची जुनी गाडी काढली, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. बसवून नेलं तर धक्का थेट मणक्यात जायचा, म्हणून कळ सोसून ते मागच्या सीटवर आडवे व्हायचे.

चंदीगडचे रस्ते म्हणजे पोटातलं पाणी हलणार नाही असे. पण प्रत्येक नाक्याच्या आधी सिमेंटच्या बारीक पट्ट्या घातलेल्या असायच्या, पाच-सहा, हात-दीड हाताच्या अंतरानं. आमच्या वाटेवर असे तीन नाके. जाताना तीन, येताना तीन. पट्ट्या आल्या की मी बैलगाडीच्या चालीनं न्यायचो, तरी मागून अण्णांचा श्वास अडकल्याचं ऐकू यायचं.

आता माझं काम काय, तर विमानाची चाकं. विमान उतरताना जो दणका बसतो तो गिळून टाकणारे खांब असतात, ते दुरुस्त करायचे, तपासायचे, सही करायची. बारा वर्षं तेच केलेलं. मग मला सांगा, एका खटारा गाडीचे मागचे दोन शॉकअप मला जमू नयेत? एका सहकाऱ्याकडे परदेशी शॉकअपची जोडी पडून होती, कमीजास्त करता येणारी. तिकडं कोर्सला गेला होता तेव्हा हौसेनं आणली आणि लावायची राहून गेली. त्यानं ती मला दिली. त्यांची गंमत अशी की शॉकअप गाडीखालून काढायचा, दांडा पूर्ण आत दाबायचा, मग आतली खाच सापडते, आणि दांडा फिरवला की तो घट्ट किंवा सैल होतो. अर्धा आटा, एक आटा, दोन आटे. पुन्हा बसवायचा. एक बाजू करायला अर्धा तास, दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एक अख्खा रविवार मी जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली काढला आणि बऱ्याच दिवसांनी मला जेवण गोड लागलं.

बंपर दाबून सोडला की गाडी एकदा वर आली पाहिजे आणि तिथंच थांबली पाहिजे. विमानाचं तसंच असतं, दणका गिळला की दुसरी उसळी नको. मी आटे घट्ट केले. हँगरसमोर एक मोठा गतिरोधक होता, त्यावरून गाडी नेली. काय बसली राव! एकदा वर, एकदा खाली, गप्प. मी स्वतःवरच खूश.

सोमवारी अण्णांना नेऊन आणलं. घरी उतरवताना विचारलं, ‘‘अण्णा, कशी वाटली?’’

‘‘झ्याक हाय.’’

‘‘पट्ट्यांवर?’’

‘‘कळलंबी न्हाई बघ.’’

इथं आमच्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. पायलट खाली उतरला की वहीत लिहितो, विमानात काय खोट जाणवली ते. काही नसेल तर ‘निल’ लिहितो आणि सही करतो. त्यानं निल लिहिलं की आम्ही पान्याला हात लावत नाही. बसणाऱ्याच्या बुडाला जे कळतं ते तुमच्या मीटरला कळत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून डोक्यात घालतात. मी पण शहाणा, छोटी वही केली. तारीख, किती आटे, अण्णांचं म्हणणं. पहिल्या आठवड्याचं पान बघाल तर रोज निल. पुढच्या रविवारी म्हटलं, अजून चांगली करू. आणखी अर्धा आटा घट्ट. ‘‘आधीपेक्षा बरी?’’ ‘‘लई बरी.’’ त्याच्या पुढच्या रविवारी आणखी अर्धा. वहीत निल.

बायको त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसायची. ती काही बोलत नव्हती. एरवी आमच्या घरात ती गप्प बसली तर तिला ताप आलाय का म्हणून मला तिच्या कपाळाला हात लावावासा वाटतो. पण त्या दिवसांत माझं लक्ष होतं कुठं?

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी अण्णांना तपासण्यांसाठी दिवसभर हॉस्पिटलात ठेवून घेतलं. आम्ही दोघं रिकाम्या गाडीशी आलो. तिनं हात पुढे केला.

‘‘किल्ली द्या.’’

‘‘का?’’

‘‘मी चालवते. तुम्ही मागं झोपा. अण्णा झोपतात तसे.’’

‘‘वेड लागलंय का तुला?’’

‘‘हो, लागलंय. द्या किल्ली.’’

मागच्या सीटवर पाय मुडपून मी आडवा झालो. मोकळ्या रस्त्यावर गाडी छानच होती, आणि मी तसं म्हणालोही. मग नाक्याच्या पट्ट्या आल्या. पहिली ठीक. दुसरी बरगडीत लागली. चौथ्या पट्टीला खालून कोणीतरी फळी मारतंय असं वाटलं, आणि सहाव्या पट्टीला माझे दात वाजले. माझी पाठ धडधाकट, छत्तीस वर्षांची. काय होत होतं ते त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. घट्ट शॉकअप चाकाला वर जाऊ देतो, पण परत खाली यायला वेळ लावतो. ते खाली येईपर्यंत पुढची पट्टी हजर. असं करत करत स्प्रिंग दबूनच राहते, आणि चौथ्या पट्टीपर्यंत गाडीला स्प्रिंगच उरत नाही. विमान एकदाच आपटतं हो. त्याला लागोपाठ सहा पट्ट्या कुठून येणार? आणि मी गाढव, हँगरसमोरच्या एकुलत्या एक गतिरोधकावर परीक्षा घेत बसलो होतो.

‘‘थांबव,’’ मी म्हणालो.

‘‘अजून दोन नाके आहेत,’’ ती म्हणाली, आणि थांबवली नाही.

घरी आल्यावर तिनं बांगड्या वर सारून मनगट दाखवलं. चार नखांच्या खुणा, काही जुन्या, काही ताज्या. ‘‘पट्ट्या आल्या की माझा हात धरतात. मला शपथ घातलीय. पोरगं रविवारभर गाडीखाली पडून असतंय, त्याला काय सांगू नगंस म्हणाले.’’

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोवर, अण्णांवर, त्या वहीवर. संध्याकाळी आणायला गेलो ते थेट वॉर्डातच सुरू झालो. ‘‘अण्णा, खोटं का बोललात माझ्याशी? तीन आठवडे! रोज विचारत होतो ना मी? तोंड नव्हतं तुम्हाला?’’ बाप आहे, आजारी आहे, काही भान नाही. शेजारच्या खाटेवरचे पेशंट बघायला लागले.

‘‘वरडू नगंस,’’ अण्णा म्हणाले. ‘‘हास्पिटल हाय.’’

मग म्हणाले, ‘‘तुला माझ्यासाठी दुसरं काय करता येतंय का? न्हाई येत. डाक्टरला येत न्हाई, तुला काय येनार? त्येवढं करताना तुझा चेहरा जरा बरा दिसायचा. म्हणलं चालू दे.’’

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. राग होता की रडू होतं, मला आजही सांगता येणार नाही. आत परत आलो आणि विचारलं, ‘‘काय चुकलंय ते कळलं होतं तुम्हाला?’’

‘‘पयल्याच दिवशी. एकतीस वर्सं काय म्हशी राखल्या व्हय मी?’’

त्यानंतरचे तीन दिवस आमच्या बापलेकांचे. शेकाला सुट्टी होती. अंगणात उन्हात अण्णांची खुर्ची, अंगावर घोंगडी, मी गाडीखाली. वरून हुकूम सुटायचे.

‘‘आदी पार ढिला कर.’’

‘‘अण्णा, झोके खाईल गाडी.’’

‘‘खाऊ दे. झोक्यानं मानूस मरत न्हाई.’’

पूर्ण सैल केला. त्यांना मागे निजवलं, बायको डोक्याशी, आणि जवळच्या नाक्यापर्यंत गेलो. पट्ट्यांवरून पुढे, वळून मागे, पुन्हा पुढे. तिथला म्हातारा हवालदार आम्हाला ओळखायचा, अण्णांना गाडीतून उतरायला त्यानं कधी लावलं नाही. तिसऱ्या फेरीला तो हसायला लागला. ‘‘साहब, रास्ता भूल गए क्या?’’ मी त्याला सांगितलं काय चाललंय ते. त्यानं पिंपं थोडी बाजूला सरकवून आम्हाला सरळ वाट करून दिली.

‘‘पट्टीवर ब्येस,’’ अण्णा म्हणाले, ‘‘पन चौकात वळताना पोटात ढवळतंय. पाव आटा आवळ.’’ पुन्हा जॅक, पुन्हा काढ, दाब, फिरव, बसव. ‘‘आता बरं हाय. पन डावा ताठ लागतोय.’’ मी म्हटलं शक्यच नाही, दोन्ही सारखे मोजलेत. काढून बघितला तर डाव्याची मोजणी माझी चुकलेली. मी नीट केला, आणि वरून घोंगडीत हसल्याचा आवाज आला. मग म्हणाले, मागच्या चाकांतली हवा थोडी काढ. मग म्हणाले, डिकीत वाळूचं पोतं टाक. ‘‘मोकळी गाडी उडती लेका. भरल्याली बसती. एसटीत पाशिंजर नसलं की आमी बी कंटाळायचो.’’

वहीत मी त्या तीन दिवसांत निल एकदाही लिहिलं नाही. एवढं आम्ही दोघं आयुष्यात बोललो नव्हतो. त्यांनी मला घाटातल्या वळणांबद्दल सांगितलं, ब्रेक न दाबता गाडी कशी उतरवायची ते सांगितलं. पहिल्यांदाच मला ते ड्रायव्हर समजून बोलत होते. दुखणं होतंच. पण मला वाटायला लागलं की आपल्याला काहीतरी जमतंय.

सोमवारी दुपारी शेक घेऊन निघालो. थंडीचे दिवस, ऊन चांगलं पडलेलं. अण्णा मागे, डोकं बायकोच्या मांडीवर. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर पहिल्या पट्ट्या आल्या, मी कान देऊन ऐकत होतो, श्वास अडकला नाही. थोडं पुढे गेलो तर खालून घरघर ऐकू यायला लागली. मला वाटलं, झालं, सायलेन्सर सुटला. गाडी बाजूला घ्यायला लागलो तर आरशात बायको दिसली. तिनं ओठांवर बोट ठेवलं होतं आणि तिच्या गालांवरून पाणी येत होतं.

अण्णा घोरत होते.

मला ओरडावंसं वाटलं. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. आडवे झोपलेले अण्णा, तोंड उघडं, एक हात सीटवरून खाली लोंबत. तीन महिन्यांत डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते अण्णांच्या मापाच्या त्या दोन शॉकअपनी केलं होतं. आणि मग मी काय केलं? घराकडे वळायचं ते वळलोच नाही. घरी पोहोचलो की त्यांना उठवावं लागणार, उतरवावं लागणार. म्हटलं, झोपू दे की. पेट्रोल आहे, रस्ता आहे. शहराच्या मधून जाणाऱ्या मध्य मार्गाला लागलो आणि सरळ जात राहिलो, तिसऱ्या गिअरमध्ये, एका चालीत. चौकात वळसा हळूच घ्यायचा, की पुन्हा सरळ. मागचे हॉर्न मारून पुढे जात होते, जाऊ देत. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. बायको कुजबुजली, ‘‘आता परत फिरू या.’’ मी म्हटलं, ‘‘अजून थोडं.’’ हाव सुटली होती मला.

शहराच्या टोकाला, मनीमाजऱ्याच्या अलीकडे नाका होता. रोजच्या वाटेवरचा नव्हे, आणि तिथली माणसं कुठूनतरी नवीन आलेली. पट्ट्यांवरून गाडी अलगद गेली, घोरणं थांबलं नाही. जवानानं हात केला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. ओठ थंडीनं फुटलेले, बोट बंदुकीच्या घोड्याजवळ.

‘‘सब उतरो.’’

मी काच खाली करून हळूच ओळखपत्र पुढे केलं. पेशंट आहे म्हणालो. हॉस्पिटलचं कार्ड दाखवलं. तीन महिन्यांनी झोपलेत म्हणालो.

‘‘कार्ड तो सबके पास होता है, साहब. बीमार बनके भी आते हैं. सबको उतारो, पिछली सीट उठानी है.’’

‘‘डिकी बघा, माझी झडती घ्या, मला काय हवं ते करा. त्यांना तेवढं राहू द्या.’’

‘‘ऑर्डर है.’’

माझा आवाज चढला. बारा वर्षं देशाची विमानं सांभाळतोय, वगैरे वगैरे, जे बोलू नये ते सगळं मी बोललो. तो एक पाऊल मागे सरला आणि त्यानं बंदूक वर घेतली. पिंपांमागून आणखी दोघं पुढे आले. ‘‘अहो,’’ बायको मागून म्हणाली, ‘‘अहो, गप्प बसा ना हो.’’ त्या पोराचं तरी काय चुकलं होतं? त्याला आम्ही कोण हे कसं कळणार? हे सगळं मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी त्याचा गळा धरावासा वाटत होता.

दुसरा जवान मागच्या दारापाशी गेला आणि बंदुकीची नळी काचेवर वाजवायला त्यानं उचलली. डोळे उघडल्यावर अण्णांना पहिलं ते दिसू नये, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

‘‘रुको,’’ मी म्हणालो. ‘‘मैं उठाता हूँ.’’

उतरून मागचं दार उघडलं. ‘‘अण्णा.’’ ते हलले नाहीत. ‘‘अण्णा, उठा.’’ झोप इतकी गाढ होती की हाकेनं उठेनात. शेवटी मी खांदा धरून हलवलं. तेवढ्यानं पाठीत कळ गेली आणि ते ओरडले. इतक्या दिवसांत एकदाही ओरडले नव्हते. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मग जवानाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी त्यांचे पाय बाहेर घेऊन रस्त्यावर गुडघे टेकून चपला घालत होतो, अंगठा चपलेत जाईना.

‘‘जल्दी करो,’’ कोणीतरी म्हणालं.

अण्णांनी माझ्या डोक्यावर हात टेकवला, उभं राहायला आधार म्हणून.

‘‘का रं उठीवलंस लेका?’’ ते म्हणाले. ‘‘लई दिसांनी लागली हुती.’’